पाणी टाकत आणलेली माणसं

बाई, तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसच्या आवारात शेकोटीजवळ हात शेकत उभा होतो. पौषातली थंडी होती. मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, बाई उन्हाळ्यात नाही गेल्या. उन्हाळ्यात गेल्या असत्या तर कुणीतरी विचारलं असतं, ऊन लागलं होतं का? आणि मग त्या चौकशीचा कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला असता. माणूस गेल्याचं कळल्यावर ज्याला आधी कागद आठवतो, त्याला तुम्ही काय म्हणाला असता तेही मला ठाऊक आहे. ‘बाबू तं बाबूच राह्यते जी.’

तुमच्याबद्दल पेपरात चार ओळी छापून आल्या. जन्म चिमूरचा, शिक्षण, नोकरी किती वर्षं, मागे मुलगी आणि जावई. सगळं बरोबर होतं. ते मी परत लिहीत नाही. तुम्ही चामोर्शीपलीकडच्या एका आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, आणि मी वरच्या ऑफिसात बसून तुमच्यासारख्यांचे आकडे गोळा करणारा, एवढंच आपलं नातं होतं. वर्षातून सहा-सात भेटी, त्यातल्या चार भांडणाच्या. तरी गेले आठ दिवस मला काही सुचत नाही. जेवायला बसतो, आणि तुमच्याशी भांडतोय असं लक्षात येतं. बायको विचारते, कोणाशी बोलून राह्यले?

आपलं पहिलं भांडण गॉगलवरून झालं होतं, आठवतं?

नव्वदीतली मधली वर्षं. मी नवीनच लागलो होतो. दर मार्चमध्ये वरून पत्र यायचं, उष्माघात प्रतिबंधक आराखडा तातडीने सादर करावा. मी मागच्या वर्षीची फाईल काढायचो, साल बदलायचो, साहेबांची सही घ्यायचो, झाला आराखडा तयार. त्यात जनतेसाठी सूचना असायच्या. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये. सैल, सुती कपडे घालावेत. बाहेर जाताना छत्री व गॉगल वापरावा. मासिक बैठकीत मी ते खड्या आवाजात वाचून दाखवलं आणि मागच्या रांगेतून तुम्ही उठलात.

‘बाबू, हे गॉगल कोणाले सांगून राह्यले जी?’

‘जनतेला,’ मी म्हणालो.

‘आमची जनता पहाटे चारले तेंदूपत्ता तोडाले जाते. आली का पुडे बांधते. दुपारी तीनले ते पुडे डोक्शावर घेऊन फळीवर उभी राह्यते. तुमी म्हणता बारा ते चार घरात बसा. मंग जंगल घरात आणून देता काय?’

सगळी बैठक हसली. मला फळी म्हणजे काय हेही तेव्हा माहीत नव्हतं. मी चंद्रपूरच्या गल्लीत वाढलेला, जंगल पाहिलेलं ते एसटीच्या खिडकीतून. तुम्हीच नंतर सांगितलं, की गावाबाहेर झाडं तोडून केलेलं मैदान असतं, तिथे पुडे जमा करून उन्हात वाळवतात, आणि पानांना ऊन हवं म्हणून माणसांनाही सावली ठेवत नाहीत. मी तुमच्यावर भयंकर चिडलो होतो. घरी जाऊन अम्मीला सांगितलं, एक नर्सबाई आहे, जिभेला हाड नाही. पण पुढच्या मार्चमध्ये साल बदलताना गॉगल खोडला. बाई, त्या आराखड्यात माझ्या हातून झालेली ती पहिली आणि बराच काळ एकमेव सुधारणा.

पुढच्या मे महिन्यात मला दौऱ्यावर पाठवलं. उष्माघाताची जनजागृती प्रत्यक्ष पाहून अहवाल द्यायचा होता. मी गावात पोचलो तर मोहाच्या झाडाखाली बाजेवर तुम्ही आडव्या, डोळे मिटलेले, आणि भोवती वीस-पंचवीस बाया. मला वाटलं, बाईंनाच ऊन लागलं. मी सायकल टाकून धावलो. तुम्ही एक डोळा उघडलात आणि म्हणालात, ‘बाजूले व्हा बाबू, मी बेशुद्ध हाव.’

तुम्ही शिकवत होता. ऊन लागून पडलेल्या माणसाचं काय करायचं, ते स्वतःवर करून दाखवत होता. कारण गावोगावची रीत उलटी होती. अंग तापलं म्हणजे ताप, आणि तापाच्या माणसाला पाणी लावायचं नाही, वारं शिरतं. म्हणून उन्हानं भाजून निघालेल्या माणसाला लोक घोंगडीत गुंडाळायचे, तळपायाला कांदा चोळायचे, आणि तसाच बैलबंडीत घालून तुमच्याकडे आणायचे. येईपर्यंत तो आत शिजलेला असायचा. हा शब्द तुमचा आहे. मला तो लिहिणं जड जातंय.

‘टाका न वं पाणी! लाजता कायले?’ तुम्ही ओरडत होता. एक म्हातारी तांब्या धरून उभी होती, पण तिचा हात काही पुढे येईना. ‘ज्वराच्या माणसाले पाणी लावत नसते बाई,’ ती म्हणाली. ‘माह्या आंगावर टाक. मेली तं माह्या पोरीले सांग का माय आपल्याच अकलेनं मेली.’ मग तिनं टाकलं. तुम्ही ओरडलात, पाणी बोरिंगचं होतं आणि थंडगार होतं. बाया हसत सुटल्या. मग त्यांनी भिजवलेलं लुगडं तुमच्यावर पसरलं, दोघींनी दोन सुपांनी वारा घातला, आणि तुम्ही बेशुद्धीतूनच सूचना देत राहिलात, काखेत टाका, मानेवर टाका, बंडीत बसवल्यावरही थांबू नका, केंद्रात येईपर्यंत टाकतच राहा.

मी अहवालात लिहिलं, ‘जनजागृती समाधानकारक.’

तीन उन्हाळे तुम्ही गावोगाव बेशुद्ध पडत हिंडलात. आणि लोकांनी ऐकलं. हे किती अवघड असतं ते मला आता, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कळतं. सरकारनं सांगितलेलं लोकांनी ऐकलं असं मी फार कमी वेळा पाहिलंय. तुमच्या भागातल्या बंड्यांमध्ये मे महिन्यात पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, दिसू लागले. तेंदूला जाताना बाया जुनं लुगडं बरोबर घेऊ लागल्या, भिजवायला. माणसं चिंब भिजलेली, थरथरणारी, पण जिवंत तुमच्या केंद्रात पोचू लागली.

आणि इथूनच माझं काम सुरू होतं.

ऑफिसनं ठरवलं की उष्माघाताची नोंद एकसारखी व्हावी. त्यासाठी प्रपत्र हवं, म्हणजे एक छापील तक्ता, जो सगळ्या केंद्रांनी भरून पाठवायचा. तो आखायचं काम माझ्याकडे आलं. मी मन लावून आखला. रुग्णाचं नाव, गाव, वय, केंद्रात आल्याबरोबर मोजलेला ताप, निदान, परिणाम. ताप ठरलेल्या आकड्याच्या वर असेल तरच उष्माघात, नाहीतर नोंद ‘इतर’मध्ये. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. साहेबांनाही दिसलं नाही. खोलीत वाळ्याचा कूलर चालू होता, चांगला गार वास येत होता, आणि तक्ता दिसायला सुरेख झाला होता.

त्या उन्हाळ्यात तुमच्या केंद्राची नोंद आली, उष्माघात शून्य. पुढच्या उन्हाळ्यातही शून्य. कारण तुमची माणसं पाणी टाकत आणलेली. थर्मामीटर लावेपर्यंत ताप उतरलेला. पलीकडच्या एका केंद्राच्या भागात अजून घोंगडीची रीत होती, तिथून दर आठवड्याला आकडे येत होते. मग ज्या वर्षी उष्माघात कक्ष कुठे ठेवायचे, म्हणजे जास्तीच्या खाटा, कूलर, सलाईन आणि मे-जूनपुरती एक जीप कुठे द्यायची, हा प्रश्न आला, तेव्हा आराखड्यात सरळ लिहिलं गेलं, ज्या केंद्रात रुग्ण नाहीत तेथील कक्ष बंद करण्यात यावा. तुमची जीप घोंगडीवाल्या गावांकडे गेली. ते वाक्य मी टाईप केलं. टाईप करताना मला तुमचं केंद्र आठवलंसुद्धा नाही. माझ्यासमोर फक्त यादी होती.

त्याच मे महिन्यात सुकरू गेला.

फळीवर पुडे पलटवायचं काम करायचा, धिप्पाड माणूस. तुम्ही मला एकदा दाखवला होता, की हा बघा, अख्खं मैदान एकटा पलटवते. दुपारी तो पडला. जीप असती तर अर्ध्या तासात आला असता. जीप नव्हती. बंडीनं तीन तास लागले. त्याची बायको सोमी सगळ्या वाटेनं तुम्ही शिकवलं तसं पाणी टाकत होती. वाटेत दोन गावं लागली, दोन्हीकडच्या बोरिंगवरून तिनं गुंड भरून घेतले. तुमच्या ओसरीवर उतरवताना तो हलत होता. तुम्ही सुई टोचायच्या आत गेला. डॉक्टरांनी ताप मोजला, तो आकड्याच्या खाली. कागदावर ‘आकस्मिक मृत्यू, इतर’.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळच्या एसटीनं ऑफिसात आलात. मी तुम्हाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नाही रडलात. खुर्ची दिली तर बसला नाहीत.

‘बाबू, तो ऊन लागूनच मेला. माह्या डोळ्यासमोर मेला.’

‘मान्य आहे बाई. पण आकड्यात बसत नाही.’

‘आकड्यात कसा बसन? त्याच्या बायकोनं तीन तास पाणी टाकलं. मीच शिकवलं तिले. ती मले इचारून राह्यली, बाई, म्या पाणी टाकलं म्हणून तं नाई न मेला? सांगा आता, काय सांगू तिले?’

मी समोरची फाईल बंद केली.

‘म्हणजे मी लोकाईले पाणी टाकाचं शिकवलं, तेच चुकलं काय? घोंगडीत आणाले सांगतलं असतं तं माही जीप राह्यली असती. असंच न?’

मग तुम्ही माझ्या टेबलावरचं प्रपत्र उचललंत, ‘ताप’ या रकान्याशेजारी बोट ठेवलंत. ‘इथी एक रकाना वाढवा. आणताना पाणी टाकलं काय, हो का नाई. बस. हो असन तं ताप पाहू नका. मले दुसरं काही नाई पायजे.’

मी शब्द दिला. बाई, तो शब्द मी मनापासून दिला होता, एवढं तरी खरं माना.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो. साहेबांना नाव घेऊन शिव्या देताना मी तुम्हाला कितीदा तरी ऐकलं आणि मान हलवत राहिलो. कारण मी तुम्हाला सांगितलं होतं, ‘मी टाकला होता रकाना. साहेबांनी काढला.’

साहेबांनी काढला नाही. साहेबांनी तो पाहिलासुद्धा नाही. मी काढला.

आणि का काढला तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला एखादं मोठं कारण वाटायला नको. तेव्हा तक्ते स्टेन्सिलवर कापून सायक्लोस्टाईल करायचे. तुमचा रकाना धरून मी तक्ता टाईप केला तर शेवटचा ‘परिणाम’चा रकाना कागदाबाहेर जाऊ लागला. मावेना. कागद आडवा घेऊन सगळं पहिल्यापासून आखावं लागलं असतं. दुपारचे चार वाजले होते. वीज गेलेली, कूलर बंद, घामानं बोटं स्टेन्सिलला चिकटत होती. पत्रं त्याच दिवशीच्या डाकेनं जायची होती. मी पाच मिनिटं कागदाकडे पाहिलं. मग तुमचा रकाना गाळून तक्ता पुन्हा कापला. मनाशी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. बस. कुणी दबाव आणला नाही, कुणी विचारलंही नाही. मी दमलो होतो, इतकंच.

तुम्ही विचारलंत तेव्हा खरं सांगायची लाज वाटली. कागदावर मावला नाही, हे सुकरूच्या नावासमोर कसं सांगणार? साहेबांचं नाव तोंडात आलं. साहेब लोकांचं नाव अशा वेळी आपोआप तोंडात येतं, त्यासाठीच ते असतात असं आम्ही बाबू लोक धरून चालतो. मला वाटलं, बाई चार शिव्या घालतील आणि विसरतील. तुम्हाला ओळखत असून मला हे वाटलं.

तुम्ही विसरला नाहीत. बैठकीत, सगळ्यांसमोर, तुम्ही साहेबांना उभं राहून विचारलंत, ‘साहेब, माणूस मेल्याचं लपवून तुमाले काय भेटते?’ साहेब गोंधळले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं तुम्ही कशाबद्दल बोलताय. कोणता रकाना, काय म्हणता, बसा खाली. तुम्ही बसला नाहीत. तुम्हाला वाटलं ते सोंग घेताहेत. त्यांना वाटलं तुम्ही उद्धट आहात. मी दोघांच्या मधे वही घेऊन बसलो होतो, बैठकीचा वृत्तांत लिहीत. वृत्तांतात लिहिलं, ‘संकीर्ण विषयावर चर्चा झाली.’

महिन्याभरात तुमची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सिरोंच्याकडे झाली. आदेश मीच टाईप केला. हो, तोही.

तीन वर्षं तुम्ही तिकडे होता. मुलगी इकडे दहावीला, आजीजवळ. तुम्ही दिवाळीला आलात की ऑफिसात चक्कर टाकायचात, आणि मला वाटायचं, आता सांगावं. एकदा तुम्ही हसत म्हणालात, ‘तिकडं तेलगूत शिकवतो आता. नीळ्ळु पोय्यंडी. पाणी टाका. बेशुद्ध तं तशीच पडतो, त्याले भाषा नाई लागत.’ तुम्ही इतक्या हसलात की ते राहूनच गेलं. दुसऱ्या वेळी रमजान चालू होता, हिवाळ्यात आला होता. तुम्ही चहा सांगितलात आणि मग जीभ चावलीत, ‘रोजा हाय न तुमचा! नशीबवान हा तुमी, थंडीतला रोजा. मे महिन्यात रोजा येईन तवा या माह्याकडं, पाणी टाकाले.’ तेव्हाही राहिलं. माझ्याजवळ न सांगायची कारणं नेहमी चांगली असायची.

आणि अब्बांचं. ते तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं.

तुम्ही सिरोंच्याला असतानाची गोष्ट. चंद्रपूरच्या घरी अब्बा दुपारच्या नमाजला गेले आणि परतताना गल्लीच्या तोंडाशी पडले. शेजारी रजई घेऊन धावले. मी रजई फेकून दिली. भावाला म्हणालो, पाणी आण, आहे तेवढं आण. अम्मीची ओढणी भिजवून अंगावर टाकली, पुठ्ठ्यानं वारा घातला, रिक्षात बसल्यावरही मानेवर, काखेत पाणी टाकत राहिलो. माझ्या कानात तुमचाच आवाज होता, थांबू नका, टाकतच राहा. दवाखान्यात ताप मोजला, जवळपास नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा दिसतो. अब्बा अजून आहेत, रोज मला नावं ठेवतात. तुम्हाला मी एवढं सांगितलं की तुमच्यामुळे अब्बा वाचले, आणि तुम्ही ते ऐकून डोळे पुसलेत. पण रिक्षात बसल्यावर माझ्या मनात काय आलं होतं ते नाही सांगितलं. अब्बा गेले असते तर ते माझ्या तक्त्यात कुठेच बसले नसते. ‘इतर’मध्ये गेले असते. हे कळूनही पुढच्या मार्चमध्ये मी साल बदललं आणि सही घ्यायला गेलो. तेव्हा रकाना टाकला असता तर कुणीतरी विचारलं असतं, हा आधी का नव्हता?

सगळ्यात जड काय गेलं सांगू? तुमची माया. तुम्ही रिटायर झाल्यावर चामोर्शीच्या बाजारात भेटलात, भाजीची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि सोबतच्या बाईंना म्हणालात, ‘हे सलीमबाबू. अख्ख्या ऑफिसात माह्या बाजूनं उभा राह्यलेला एकटा माणूस.’ मी पिशवी धरून उभा राहिलो. वांगी होती. घरापर्यंत पोचवली, चहा प्यायलो, परत आलो.

किडन्या गेल्याचं कळल्यावर मी दोनदा येऊन गेलो. दुसऱ्या वेळी ठरवूनच आलो होतो. तुमचे पाय सुजले होते, आवाज खोल गेला होता. गंमत म्हणजे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, आणि तुम्ही त्यावर स्वतःच हसत होता. मी म्हणालो, ‘बाई, त्या रकान्याचं...’ तुम्ही हात वर करून थांबवलंत. ‘राहू द्या जी. तुमी काय करान? तुमच्या हातात नव्हतं.’ मग तुम्हाला झोप लागली. मी अर्धा तास बसून राहिलो आणि निघालो. मनात थोडं सुटल्यासारखंही वाटलं, तेही सांगून टाकतो.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भन्तेजी बोलले. गावोगावच्या बाया आल्या होत्या, सोमी आली होती. मला पुढे, तुमच्या घरच्यांशेजारी खुर्ची दिली. तुमच्या मुलीनं, माधुरीनं, स्वतः हाताला धरून बसवलं. आणि बाई, साहेब आले. रिटायर होऊन नागपूरला असतात, आता काठी लागते. पेपरात वाचून एसटीनं आले होते. फुलं ठेवली. वळले तर माधुरी समोर उभी.

‘तुमीच न जी ते साहेब? मायचा रकाना काढणारे?’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं फाईल हवी असली की जसे बघायचे तसेच. ‘सलीम, कोणता रकाना रे?’

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, ‘जुनी गोष्ट आहे साहेब.’

‘तीन वर्ष माही माय सिरोंच्याले होती,’ माधुरी म्हणाली. ‘माही दहावी झाली, बारावी झाली, माय नव्हती.’

साहेबांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हात जोडले. ‘मला खरंच आठवत नाही बेटा. पण सही माझीच असेल. माझं चुकलं.’ कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. चहाही कुणी विचारला नाही. ते तसेच उन्हातून स्टँडकडे चालत गेले, आणि मी माझ्या खुर्चीवर बसून राहिलो. नंतर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, बाई फार मोठ्या मनाच्या होत्या, आणि खाली बसलो.

दोन दिवस गेले. एवढं लिहून मी आज सकाळी माधुरीकडे गेलो. वाचून दाखवायचं धैर्य झालं नाही, तोंडीच सांगितलं. अंगणात ती तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साहेबांचं काही नव्हतं, रकाना मी काढला, बदलीचं मूळ माझं खोटं. ती ओरडेल, हाकलून देईल, असं धरूनच गेलो होतो. ती सुपातले खडे वेचत राहिली. मग तिनं वर पाहिलं.

‘काऊन काढला जी?’

‘कागदावर मावत नव्हता.’

‘बस? एवढंच?’

‘एवढंच.’

तिनं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा अगदी तुमच्यासारखा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

‘मायले तवाच सांगाचं होतं न,’ ती म्हणाली. ‘तिनं तुमाले दुसरा कागद आणून देल्ला असता.’